मणेरमळ्याची ज्वारी

आमच्या घरात ज्वारी कधी विकत आणली जात नसे. डोंबिवलीच्या पश्चिमेला, कोपरच्या अंगाला, तेव्हा चाळी संपून भातखाचरं आणि पुढे खाडीचा चिखल सुरू व्हायचा. तिथे आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. होळीच्या आगेमागे गावाहून पोती यायची. वडिलांचे धाकटे भाऊ नानाकाका ती कुणा ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर कल्याणपर्यंत आणायचे आणि तिथून टेम्पोत घालून घरी. दार उघडलं की घामाचा, गोणपाटाचा आणि धान्याचा एक कोरडा वास आधी आत यायचा आणि मग नानाकाका. आल्या आल्या पोत्यावर थाप मारून म्हणायचे, "वहिनी, ही मणेरमळ्यातली. मोत्यावानी हाय." आई एक मूठ तळहातावर घेऊन फुंकर मारायची आणि मान हलवायची. शेजारी सगळे कोकणातले, भात खाणारे. आमच्या घरातून सकाळ-संध्याकाळ भाकरी थापल्याचा आवाज यायचा त्याची त्यांना गंमत वाटे. स्टोव्हचा घरघराट, त्यावर काटवटीतली ती एका लयीतली थाप आणि मागून येसर मसाला घातलेल्या आमटीचा वास. कारखान्यांकडून वारा आला की घशात काहीतरी आंबूस उतरायचं, तेव्हा आई मुद्दाम लसूण जरा जास्तच करपवायची.

मणेर म्हणजे बांगड्या विकणारे मुसलमान, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, मणेर हे एखाद्या झाडाचं नाव असेल. चिंचमळा, आंबेमळा, तसा मणेरमळा. एकदा वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, विचारलंही होतं. ते पेपर वाचत होते. "नाव आहे. नावाला काय अर्थ असतो?" एवढंच म्हणाले आणि पान उलटलं. दादा रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. मोजकं बोलायचे. रागवायचेही मोजकंच. पण काही प्रश्न असे असायचे की ते विचारले की घरातली हवा बदलायची. कोणते प्रश्न ते आम्हा तिघा भावंडांना न शिकवताच कळलेलं होतं. थोरली उषाताई, मधली मी आणि धाकटा बाळू.

आजोबा, म्हणजे आबा, आजी गेल्यावर आमच्याकडेच राहायला आलेले होते. बाहेरच्या खोलीत खिडकीखालची खाट त्यांची. उंच, हाडापेराचे, पांढरं धोतर, आणि आवाज इतका खणखणीत की चाळीच्या टोकाला ऐकू जावा. आमचं गाव मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तसली गावं पुष्कळ आहेत आणि एकाच गावाकडे बोट दाखवलं की बाकीची सुटतात. दरवर्षी मुक्तिदिनाला आबा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून खाटेवर बसायचे आणि आम्हाला रझाकारांची हकीकत सांगायचे. घोडी कशी आली, कणगीतलं धान्य कसं उपसून नेलं, कडब्याच्या गंजी कशा पेटवल्या. मग त्यांच्या थोरल्या भावाला वेशीत कसं मारलं. तिथे आले की आबांचा आवाज फाटायचा. हे सगळं खरं होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि आज या वयातही त्या थोरल्या आजोबांसाठी माझ्या पोटात तुटतं. "मग फौज आली. निजाम शरण आला. सुटलो आपण." एवढं म्हणून आबा थांबायचे. बाळू दरवेळी विचारायचा, "मग, आबा? त्यानंतर?"

"त्यानंतर काय? पेरण्या झाल्या."

मला ते उत्तर फार आवडायचं. राज्य गेलं, राज्य आलं, आणि शेतकरी पेरायला लागला. शाळेतल्या निबंधातही मी तो शेवट वापरला होता आणि बाईंनी त्याखाली लाल शाईनं 'छान' लिहिलं होतं.

मी अकरावीत होते तेव्हा उषाताईचं लग्न ठरलं. आईचं माहेर निजामाच्या सरहद्दीपलीकडचं, इंग्रजी मुलखातलं. लग्न होऊन थोडे दिवस सासरी काढले असतील-नसतील, तोवर दादांनी तिला डोंबिवलीला आणलं. त्यामुळे गावाची तिला तशी फारशी माहिती नव्हती. पण मराठवाड्याकडची बोली कानावर पडली की ती विरघळायची. लग्नाच्या खरेदीसाठी कल्याणला बाजारात गेली असताना तिला तशीच एक बाई भेटली. बांगड्यांच्या दुकानासमोर टोपली घेऊन बसणारी, पस्तिशीची, सावळी, डोक्यावरून पदर. "माय, लेकीच्या हाताचं माप आणलंय का?" असं तिनं विचारलं आणि आईनं बाजूचं मोठं दुकान सोडून तिच्याचपाशी बैठक मारली. नाव मेहरुनबी. आई घरी येऊन कौतुकानं सांगत होती, "अगदी आपल्याकडचं बोलते गं. तिलाच सांगितलंय घरी येऊन चुडा भरायला." गाव कुठलं हे आईनं विचारलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. दोघींना ती बोलीच पुरेशी वाटली.

चुडा भरायच्या दिवशी घर माणसांनी फुललेलं होतं. गावाहून नानाकाका, काकू, आत्या, दूरचे दोघे-तिघे आलेले. आतल्या खोलीत चटईवर उषाताईला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. मेहरुनबी समोर बसली. तिच्या बोटांकडे बघत राहावंसं वाटायचं. ताईचा हात ती कणीक मळावी तसा हळूहळू मऊ करायची, अंगठा आत दाबायची आणि हिरवी बांगडी कधी मनगटावर गेली ते ताईलाही कळायचं नाही. बायका गाणी म्हणत होत्या. उजवा हात भरून झाला. सगळ्यांनी कौतुक केलं. एवढ्यात काकू दाराशी बसून गहू निवडता निवडता आईला म्हणाली, "औंदा मणेरमळ्यातली ज्वारी लई पांढरी निघाली, बाई. उषाच्या सासरी बी एक पोतं धाडू."

मेहरुनबीच्या हातात ताईचा डावा हात होता. तो तिनं सोडला नाही, पण तिची बोटं थांबली.

"कोणतं गाव म्हणलात, माय?"

काकूनं सहज गावाचं नाव सांगितलं. वर पत्ता दिल्यासारखं म्हणाली, "वेशीच्या वरल्या अंगाला मळा हाय. जुनी विहीर हाय बघा, त्यो."

मेहरुनबी उठली. पदर सारखा केला आणि कुणाला काही न विचारता बाहेरच्या खोलीत गेली. आम्ही सगळ्या तिच्या मागे. आबा खाटेवर बसले होते, दादा आणि नानाकाका खाली सतरंजीवर पत्रिका बघत होते. ती आबांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आबा, मी मेहरुन. इमाम मणेराची धाकटी. मावशीनं मला उचलून नेलं होतं त्या दिवशी. अब्बा अन् दोघं भाऊ मागं राहिले होते."

 आबांचे ओठ हलले आणि मग त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. दादा पटकन उठले. त्यांचा आवाज अगदी शांत होता, ऑफिसात बोलावा तसा.

"बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. आमच्या गावात मणेर कुणी नव्हतेच."

त्याच वेळी नानाकाका म्हणाले, "व्हते की! पर ते समदे हैदराबादला गेले. कुणी घालवलं न्हाई. आपल्या पायानं गेले."

दोन भावांनी एकमेकांकडे पाहिलं.  आतल्या बायकांचं गाणं मघाच थांबलेलं होतं.

"आपल्या पायानं गेले असते," मेहरुनबी म्हणाली, "तर मला न्यायला आले असते."

मग ती आबांकडेच बघून बोलू लागली. बाकीच्यांकडे तिनं पाहिलंही नाही. "मला जमीन नको, आबा. मळा तुम्ही खावा, लेकरंबाळं खाऊ द्या. कोर्टकचेरी करायची अक्कल मला नाही अन् जीवही नाही. फकस्त कुठं ठेवलंय तेवढं सांगा. एकदा जाऊन दुवा मागून येते. तुम्हाला ठाऊक असणार. दुसऱ्या कुणाला नसलं तरी तुम्हाला असणार."

"काही झालेलं नाही तिथं," दादा म्हणाले. आता आवाज चढलेला होता. "जे काही केलं ते रझाकारांनी केलं. माझ्या चुलत्याला मारलं त्यांनी. ते कुणी विचारतं का?"

"मारलं. मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझे अब्बा तुमच्या चुलत्याच्या मातीला आले होते. रडत आले होते."

आबा उठून भिंतीचा आधार घेत मोरीकडे गेले आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. बाहेरच्या नळाला एकजण बादली भरत होता त्याचा आवाज येत राहिला. तेवढ्यात आत उषाताई रडायला लागली. तिचा एक हात हिरवागार भरलेला आणि दुसरा रिकामा. आत्या तोंडावर हात ठेवून पुटपुटायला लागली, अर्धा चुडा म्हणजे अपशकुन. काकू म्हणाली, "नाक्यावरच्या कासाराला बोलवा, हिला जाऊ द्या आता." मेहरुनबीनं ते ऐकलं. ती परत आत आली, चटईवर पहिल्यासारखी बसली आणि पदरानं हात पुसून म्हणाली, "आण गं पोरी, दुसरा हात. तुझा काय दोष."

तो डावा हात भरला गेला तेव्हा खोलीत फक्त काचेचा किणकिणाट होता. एकही बांगडी तडकली नाही. भरून झाल्यावर रिवाजाप्रमाणे ताई तिच्या पाया पडली. मेहरुनबीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओठातल्या ओठात काही म्हटलं. आईनं तिच्या पदरात नारळ आणि शिधा घातला. आई तिला पोचवायला नाक्यापर्यंत गेली आणि बऱ्याच उशिरा परत आली. आल्यावर कुणाशीही न बोलता तिनं पुरणाला डाळ घातली.

लग्न पार पडलं. फोटोत सगळे हसताहेत. पण त्या आठवड्यापासून घरात एक बदल झाला तो मला आजही चमत्कारिक वाटतो. मणेरमळा हा शब्दच नाहीसा झाला. कुणी बंदी घातली नाही, कुणी बसून ठरवलं नाही. दादा पहिल्यांदा म्हणाले, "वरच्या मळ्याची बातमी काय?" नानाकाकांनी तेच उचललं. पुढच्या होळीला पोती आली तेव्हा त्यांनी थाप मारली आणि म्हणाले, "वहिनी, वरच्या मळ्यातली." बाळू तेव्हा आठवीत होता. काही वर्षांनी मी त्याच्यापाशी जुनं नाव काढलं तर तो म्हणाला, "मणेरमळा? असं कधी म्हणायचो आपण?" तो खोटं बोलत नव्हता. खरंच विसरला होता. मला त्याच्या खोटेपणाहून त्या विसरण्याचीच जास्त भीती वाटली.

आबांनी हकिकती सांगणं सोडलं. मुक्तिदिन आला आणि गेला, त्यांनी गंध लावलं नाही. जेवण कमी झालं. थंडीतल्या एका दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा ते खाटेवर उन्हात पाय सोडून बसलेले होते. आई पीठ दळायला गेलेली. मी ताट वाढून दिलं तर भाकरी बोटानं मोडत बसले, खाल्ली नाही.

"शोभे, ती बाई परत आली होती का गं?"

"नाही, आबा."

"येणार न्हाई ती."  मी उठायला लागले तर म्हणाले, "बस. ऐकायलीस का? मी एकदाच सांगणार." आणि त्या खणखणीत आवाजाचा माणूस इतक्या हळू बोलू लागला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

फौज आल्यावर रझाकार केव्हाच पळून गेलेले होते. गावात उरले होते ते बांगड्या भरणारे, गाद्या पिंजणारे, पानं विकणारे. आजूबाजूच्या गावांतून माणसं जमून आली. "आपली बी व्हती त्यात. आपलीच जास्त व्हती." इमाम मणेर दोन्ही पोरांना घेऊन आबांच्या दारात आला. आबांच्या थोरल्या भावाचा आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्ताना. आबांनी त्या तिघांना कडब्याच्या वळईत, म्हणजे रचलेल्या गंजीत, लपवलं, पाण्याचा तांब्या दिला. "ये म्हणलं मी त्याला. माझ्या तोंडानं म्हणलं." मग ती माणसं दारात आली. त्यांनी विचारलं, मणेर कुठं आहे?

"मग?"

"थोरल्याचं मढं डोळ्यापुढं आलं, पोरी. अन् म्या वळईकडं बघितलं. बोललो न्हाई काही. नुसतं बघितलं. तेवढं पुरलं त्यास्नी."

ताटातली भाकरी तशीच होती. मी विचारलं, कुठे? आबा म्हणाले, "त्यांच्याच मळ्यातल्या विहिरीत. त्येंनीच खणलेली." आणि मग मला जे विचारायचं नव्हतं ते मी विचारलं. "आणि दादा? दादा कुठे होते?" दादा तेव्हा विशीतले असणार.

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या बापाला दोन बैलांची शेती व्हती, गावात मान व्हता. तो समदं सोडून हितं रंगाच्या वासात कामून आला असंल?" एवढंच. याहून जास्त त्यांनी सांगितलं नाही आणि मला आजपर्यंत कळलेलं नाही. दादा गावाला गेले की मळ्यात जात नसत हे मात्र मला मागाहून आठवलं. उन्हं लागतात म्हणायचे.

मी आईला सांगितलं. संध्याकाळची वेळ, ती भाकऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, स्टोव्हची हवा सोडली आणि काटवटीतल्या पिठाकडे बघत बसली. "इतकी वर्षं," ती म्हणाली.  त्या रात्री तिनं आम्हाला भात वाढला.

आबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. ते गेल्यावर, सुतक फिटल्यावर, आई मला घेऊन कल्याणला गेली. मेहरुनबी दूधनाक्याच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायची. नवरा हमाली करायचा, मुलगा शाळेत. जाताना रिक्षात आई मला म्हणाली, "विहिरीचं सांगायचं. पण ते लपवल्याचं आणि आबांनी बघितल्याचं, तेवढं नाही सांगायचं. ते ऐकून तिला काय मिळणार? नुसता जाळ." मला ते पटलंही आणि नाहीही. मी मान हलवली.

मेहरुनबीनं चहा केला. आईनं पेला हातात धरला आणि न पिता, एका दमात सांगितलं. मेहरुनबी रडली नाही. तिनं विचारलं, "त्या विहिरीचं पाणी पितात का लोक?"

"पीत नाहीत. शेताला जातं," आई म्हणाली. आणि मग तिला स्वतःलाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. पेला खाली ठेवून ती तोंडात पदर कोंबून हुंदके द्यायला लागली. मेहरुनबी उठून तिच्याजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. कुणी कुणाचं सांत्वन करायचं हे त्या खोलीत उलटंपालटं झालेलं होतं. जरा वेळानं मेहरुनबीनं हळूच विचारलं, "माय, माझ्या अब्बाला कुणी आसरा दिला नव्हता का हो?"

आई म्हणाली, "मला माहीत नाही."

मेहरुनबी आपल्या मुलाला घेऊन गावी गेली. मळ्यात तिला जाऊ दिलं नाही. नानाकाकांची मुलं बांधावर उभी राहिली, म्हणाली, खाजगी जागा आहे. तिनं रस्त्यावरूनच, धुळीत उभं राहून, हात पसरून काय ती दुवा मागितली आणि परतीची एसटी धरली. हे आम्हाला नानाकाकांकडूनच कळलं. ते संतापून डोंबिवलीला आले, दारातूनच ओरडले, "वहिनीनं घर फोडलं!" आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ती विहीर मुरूम टाकून बुजवून घेतली. ज्वारी येणंही बंद झालं. आली असती तरी आईनं ती दळली नसती. ती दुकानातून आणायला लागली. दादांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. पण तेव्हापासून ते आईला नावानं हाक मारीनासे झाले. "अगं" नाही, "ऐकलंस का" नाही. काही हवं असेल तर आमच्यापैकी कुणाला तरी सांगायचे, आईला सांग म्हणून. एकाच खोलीत, चार हातांवर बसून. दोघांनी असा संसार शेवटपर्यंत केला. दादा आधी गेले. जाण्यापूर्वी काही दिवस ते स्वतःच त्याबद्दल बोलू लागले होते, आणि सगळ्यांना सांगायचे, डॉक्टरांनासुद्धा, "आमच्या आबांनी मुसलमानांना घरात लपवलं होतं हो. आमच्या घरात भेदभाव नव्हता." आई बाजूला बसून ऐकायची.

आई गेली तेव्हा मेहरुनबी आली होती. तिला कुणी कळवलं, ठाऊक नाही. पाठीतून वाकलेली, मुलाचा हात धरून. बाळूनं दारात विचारलं, "कोण आपण?" ती म्हणाली, "ओळखीची." मी तिला आत नेलं. ती आईच्या फोटोसमोर बसली. निघताना जिन्यात थांबून मला म्हणाली, "तुझी आई चांगली होती. खोटं बोलली माझ्याशी, पण चांगली होती." तिनं कठड्याला हात टेकला. "अब्बांना वळईत गेलेलं मी बघितलं होतं गं. मावशीच्या खांद्यावरून. म्हणूनच तर आबांना विचारत होते, ते सांगतील म्हणून. तुझी आई माहीत नाही म्हणाली, तेव्हा मी समजले. अन् मग पुढं विचारलं नाही." तिच्या मुलानं खाली रिक्षा थांबवली होती. ती एकेक पायरी उतरत गेली. त्यानंतर मला ती दिसली नाही.

आता मी एकटी राहते, त्याच डोंबिवलीत, त्याच बाजूला. खाचरांवर इमारती झाल्या. बाळू मुलाकडे घोडबंदर रोडला असतो, सव्विसाव्या मजल्यावर. खिडकीतून खाडीही दिसते आणि डोंगरही. तो सकाळी उठून फोनवर जगभराच्या लोकांना शुभेच्छा आणि इतिहास पाठवतो. मलाही येतात. त्याची नात सई आठवीत आहे, हुशार, प्रश्न विचारणारी. मागच्या वर्षी शाळेत 'माझ्या घराण्याचा इतिहास' या विषयावर भाषण होतं म्हणून तिला माझ्याकडे दोन दिवस सोडलेलं होतं. "शोभाआजी, तू सगळ्यांत जुनी आहेस ना? सांग." मी तिला धपाटे करून दिले आणि सांगितलं. थोरल्या आजोबांचं सांगितलं, वेशीतलं. आणि फौज आल्यानंतरचंही सांगितलं, तिच्या वयाला झेपेल इतपत, पण काही न गाळता. ती मध्ये एकदाच म्हणाली, "ती मुलगी माझ्यापेक्षा लहान होती?" मी म्हटलं, हो, बरीच लहान.

दोन दिवसांनी बाळूचा फोन. "पोरीला काय काय सांगितलंस?"

"झालं ते."

"काही झालेलं नाही. म्हातारपणी आबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि झालं असेल तर सुरुवात कुणी केली? ते सांगितलंस?"

"तेही सांगितलं. तू ये ना एकदा, बाळू. बसून बोलू. उषाताईही गेली, आता आपण दोघंच उरलोय."

"ट्रॅफिक फार असतं," तो म्हणाला. अजून आलेला नाही.

भाषणाचा व्हिडिओ बाळूच्या सुनेनं पाठवला. सई निळ्या गणवेशात, वेण्या घालून उभी. स्वच्छ, न अडखळता बोलली. "माझ्या खापरपणजोबांनी रझाकारांचा जुलूम सोसला. पण त्यांच्या मनात सूड नव्हता. त्यांनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना कडब्यात लपवून पाणी दिलं." टाळ्या पडल्या. बक्षीसही मिळालं. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला नाही.

संध्याकाळी तिचा स्वतःचाच फोन आला. मागे लिफ्टचा आवाज, कुणीतरी हाक मारत होतं. "आजी, रागवलीस का गं? आजोबा म्हणाले तेवढंच घे, बाकीचं बोललीस तर नंबर जाईल आणि शाळेत प्रॉब्लेम होईल. पण मला सगळं नीट लक्षात आहे. तू सांगितलंस ते सगळं."

मी म्हटलं, "नाही गं बाळा, रागवले नाही."

"बरं झालं." तिचा आवाज एकदम हलका झाला, मग तिनं तो आणखी खाली आणला, मैत्रिणीचं गुपित सांभाळणाऱ्या मुलीसारखा. "आणि तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस हां, आजी. मी कुण्णाला सांगणार नाही. कधीच नाही. प्रॉमिस."

मी काही बोलणार तोवर ती क्लासला निघून गेली होती.